महामार्ग आणि पाणंद
(द्वितीय वर्ष, कला)

आमचे घर शिक्रापुरात नगर रस्त्याच्या उत्तरेला आणि वावर दक्षिणेला. आजोबांनी घर बांधले तेव्हा यात काही अडचण आहे असे कोणाच्या मनातही आले नसेल. मधे एक अरुंद डांबरी रस्ता, त्यावरून अधूनमधून जाणारी एखादी एस.टी. किंवा ट्रक. सकाळी जनावरे रस्ता ओलांडून वावरात जायची आणि दिवेलागणीला तशीच परत यायची. आज त्याच जागी चार पदर आहेत, मधे दुभाजक आहे, आणि वाहनांची रांग पहाटे तीनलाही तुटत नाही. आजी गेल्या तीन वर्षांत वावरात गेलेली नाही. तिचे गुडघे चांगले आहेत. रस्ता ओलांडवत नाही, एवढेच.

पूर्वी आमच्या पाणंदीसमोर दुभाजकात एक कट होता. तो एके दिवशी बंद झाला. तेव्हापासून तात्या ट्रॅक्टर काढतात तो आधी डावीकडे पुढच्या कटापर्यंत, तिथून वळसा आणि मग उलट मागे. शंभर पावलांवरच्या वावराला जाऊन-येऊन चार किलोमीटर पडतात. शेजारचे काही जण राँग साइडने जातात. तात्याही एकदोनदा गेले आहेत, पण ते आईला ठाऊक नाही.

आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिली. त्यामुळे छापील कागद आला, की तो माझ्यापुढे येतो. मागे एकदा चहाच्या टपरीवरून तात्या घरी आले ते प्रश्न घेऊनच. "वरनं पूल जाणार म्हणत्यात. आपल्या वावरातनं किती जाईल गं? आन् आपल्याला चढायला-उतरायला कुठं?" मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मराठी, भूगोल आणि राज्यशास्त्र या तीन विषयांत हा प्रश्न कुठे बसतो, तेही कळेना. नंतर लक्षात आले, की तो तिन्हींत बसतो. त्या शोधात जे हाती लागले ते विद्यार्थी मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवते. आपल्यापैकी बहुतेकांची घरे कोणत्या ना कोणत्या रस्त्याला लागूनच आहेत.

प्रथम आमच्या गावाची जागा पाहू. शिक्रापूर वेळ नदीच्या काठी, पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर. पुणे-नगर रस्ता गावातून पूर्व-पश्चिम जातो. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, रस्त्याला मात्र आमच्याकडे अजून नगर रस्ताच म्हणतात.) वायव्येकडून चाकणचा रस्ता येऊन मिळतो, आणि दुसरा फाटा तळेगाव ढमढेरेवरून न्हावऱ्याकडे, पुढे श्रीगोंदा-जामखेडकडे जातो. सरकारी भाषेत पहिला राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ आणि दुसरा ५४८ डी. म्हणजे दोन राष्ट्रीय महामार्ग आमच्या चौकात एकमेकांना छेदतात, आणि त्याच चौकात भाजीवाले बसतात, शाळेची पोरे उभी राहतात आणि वडापची जीप माणसे भरते.

ही वाहने येतात कुठून? एका बाजूला रांजणगावची आणि सणसवाडीची कारखानदारी, दुसऱ्या बाजूला चाकणची. मराठवाड्यातून किंवा नगरकडून मुंबईला निघालेल्या ट्रकला पुण्याच्या गर्दीत शिरायचे नसते. तो शिक्रापूरला उजवीकडे वळतो, चाकणवरून तळेगाव दाभाडे गाठतो आणि तिथून द्रुतगती मार्गाला लागतो. पुण्याभोवती वर्तुळाकार रस्ता व्हायचा तेव्हा होईल, पण आमचा दुपदरी चाकण रस्ता ते काम कितीतरी वर्षे बिनबोभाट करतो आहे. दरवर्षी १ जानेवारीला पेरण्याच्या विजयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी लाखो लोक येतात. त्या दिवशी नगर रस्ता इतर वाहनांना बंद असतो आणि वाहतूक चाकणकडून, न्हावरा-चौफुल्याकडून वळवली जाते. जिल्ह्याच्या रस्त्यांचा सांगाडा कसा आहे हे मला कोणत्याही नकाशापेक्षा त्या दिवशी जास्त स्पष्ट दिसते. मुख्य शीर बांधली, की रक्त कोणत्या बारीक शिरांतून वाट काढते ते कळावे, तसे.

आता थोडे मागे जाऊ. डिसेंबर १९४३ मध्ये नागपूरला देशभरच्या मुख्य अभियंत्यांची बैठक झाली. तिथे ठरलेल्या वीस वर्षांच्या आराखड्याला नागपूर योजना म्हणतात. दुसरे महायुद्ध चालू असताना ही मंडळी खेडे रस्त्यापासून किती मैलांवर असावे याचा हिशेब करीत होती, याचे मला आश्चर्य वाटले. त्यांचे सूत्र असे होते, की शेती पिकलेल्या मुलखातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा दूर नसावे. १९६१ साली पुढची योजना आली. तिने पक्क्या रस्त्यासाठी हे अंतर ४ मैलांवर आणले आणि कोणत्याही रस्त्यासाठी दीड मैलावर. रस्त्यांची जी उतरंड आपण आजही वापरतो तीही नागपूरचीच: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण रस्ते. पाणंद आणि शिवरस्ता या उतरंडीच्याही खाली, जमिनीवर बसलेले.

ही उतरंड कशासाठी, हे मला चासकमानच्या कालव्यावरून उमगले. धरणातून मुख्य कालवा निघतो, त्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून आपल्या वावराचा पाट. मुख्य कालव्याचे काम पाणी लांब नेण्याचे, पाटाचे काम ते वाफ्यात सोडण्याचे. मुख्य कालव्याला थेट भोक पाडून जो पाणी घेतो त्याला आपण चोर म्हणतो, कारण त्याच्यामुळे शेपटाच्या गावाला पाणी पोचत नाही. रस्त्याचेही तसेच आहे. महामार्गाचे काम वाहन लांब आणि वेगाने नेणे, आणि पाणंदीचे काम ते दारात आणून सोडणे. हॉटेल, पंप, गोदाम, प्लॉटिंगची कमान, प्रत्येकाने महामार्गाला आपापले भोक पाडले, की तो महामार्ग उरत नाही आणि धड गल्लीही होत नाही. नगर रस्त्याचे वाघोली ते शिक्रापूर असे नेमके हेच झाले आहे.

हे होऊ नये म्हणून नियम नाहीत असे नव्हे. राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरला इमारत रेषा आणि ७५ मीटरला नियंत्रण रेषा धरावी असा मोकळ्या मुलखासाठी संकेत आहे. पहिल्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोन्ही रेषांच्या मधे झालेच तर परवानगीने. आमच्याकडे मध्यापासून ४० मीटर टेप धरून चालत गेले, तर वाटेत किती भिंती, टपऱ्या आणि शटर लागतील ते वाचकांनीच आपापल्या गावी करून पाहावे. आमच्या स्वतःच्या घराची पडवीही त्यात सापडेल, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

रस्ता रुंद करायचा की नाही हे कसे ठरते? मोजून ठरते. वर्षातून निदान दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास वाहने मोजावीत असा भारतीय रस्ते महासभेचा दंडक आहे. पण वाहने सारखी नसतात, म्हणून सगळ्यांना मोटारीच्या मापात बसवतात. मोटार एक धरली, तर मोटारसायकल अर्धी. ट्रक किंवा बस तीन. ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. आणि बैलगाडी? लहान असेल तर सहा, मोठी असेल तर चक्क आठ! म्हणजे उसाची एक बैलगाडी रस्त्यावर आली, की कागदावर तिच्या जागी आठ मोटारी उभ्या राहतात. बैलगाडी इतकी मोठी नसते, ती इतकी सावकाश असते. तिच्यामागे जे अडकून राहते तेही त्या आकड्यात धरलेले असते. या मापाने सपाट मुलखात दुपदरी रस्त्याला दिवसाला सुमारे १५,००० आणि चौपदरीला ३५,००० ते ४०,००० हे झेपणारे ओझे समजतात. पदर दुप्पट झाले, पण क्षमता दुपटीहून जास्त वाढली. चौपदरीवर पुढच्याला मागे टाकायला समोरून येणाऱ्याची वाट पाहावी लागत नाही, हे त्याचे कारण.

मी आणि माझी एक मैत्रीण वही-पेन्सिल घेऊन एका सकाळी चौकात मोजायला बसलो. पाच-पाच उभ्या रेघांचे गठ्ठे करायचे ठरले होते. पंधरा मिनिटांत मोटारसायकलींनी आमचा पराभव केला. त्या डावीकडून, उजवीकडून, फुटपाथवरून आणि एक तर आमच्या दोघींच्या मधून गेली. भूगोलाच्या सरांना वही दाखवली तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी विचारले, "वाहने मोजलीत. ती कुठे चालली होती ते विचारलेत का?" खरा प्रश्न तोच आहे. चौकातून गेलेले वाहन गावचे की परमुलखाचे हे नुसत्या मोजणीने कळत नाही. म्हणून नियोजनात वाहने थांबवून चालकाला 'कुठून आलात, कुठे निघालात' असे विचारण्याचीही पाहणी करतात. परमुलखाची वाहने जास्त असतील, तर बाह्यवळण किंवा पूल उपयोगी. गावचीच जास्त असतील, तर पूल बांधूनही चौक तसाच तुंबलेला राहणार, कारण पुलावर चढायला कोणी नसणार.

माणसांचीही मोजणी असते, आणि तिथे मला सर्वांत जास्त विचार करावा लागला. पादचाऱ्यांना ओलांडायला खास सोय हवी की नको, याचे एक सूत्र आहे. तासाला ओलांडणारी माणसे गुणिले तासाला जाणारी वाहने, आणि वाहनांचा आकडा पुन्हा एकदा गुणायचा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार दहा कोटींच्या वर गेला, तर सोय करावी. दुभाजक असेल तर वीस कोटी. शंभर माणसे आणि हजार वाहने घेतली, की बरोबर दहा कोटी होतात. गणिताला भिऊन कला शाखेला आलेल्या माझ्यासारखीलाही हे जमले. पण माझी आजी या सूत्रात कुठे आहे? ती ओलांडतच नाही, म्हणून ती मोजलीच जात नाही. रस्ता जितका भयंकर, तितकी तो ओलांडणारी माणसे कमी, आणि म्हणून कागदावर सोयीची गरजही कमी. वाहनांचा आकडा वाढून ही तूट कधी भरून निघेलही. पण जी मुलगी रस्त्याच्या भीतीने शाळेतून काढली गेली, जे वावर रस्त्याच्या भीतीने वाट्याने दिले गेले, त्यांची रेघ कोणाच्याच वहीत पडत नाही.

आता तात्यांच्या कटाकडे वळू. कट बंद झाला तेव्हा मलाही राग आला होता. वास्तविक तो बंद करण्यामागे शास्त्र आहे. दोन रस्ते सरळ छेदतात तिथे वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भिडू शकतात. बाजूने नुसता एक फाटा येऊन मिळत असेल, तर ही ठिकाणे ९. प्रत्येक ठिकाण म्हणजे अपघाताला एक आमंत्रण. दर दोनशे-तीनशे मीटरला कट ठेवून वेगवान रस्ता चालवणे म्हणजे दर बांधावर शेजाऱ्याशी भांडण उकरून काढणे. तेव्हा कट बंद करणे बरोबर होते असेच मी म्हणेन, तात्या नाराज झाले तरी. चूक झाली ती पुढची. कट बंद केला, तर त्याच्या जागी कडेचा सेवा रस्ता, खालून बोगदा, काहीतरी द्यायला हवे होते. चारीचे दार बंद करून पाटाला पाणी कुठून घ्यायचे हे न सांगितल्यासारखे ते झाले. मग माणसे राँग साइडने जातात, आणि 'लोकांना शिस्त नाही' असे म्हणायला सगळे मोकळे होतात.

बोगद्याचीही एक मेख आहे. मोठ्या वाहनांच्या भुयारी मार्गाला साडेपाच मीटर उंची ठेवतात. माणसे आणि गुरे जाण्यापुरता जो बांधतात त्याची उंची तीन मीटरच्या आसपास असते. त्यातून गाय जाईल, आजी जाईल. कडब्याने भरलेली गाडी किंवा उसाची ट्रॉली मात्र अडेल. नकाशावर दोन्ही ठिकाणी सारखेच चौकोनी चिन्ह दिसते. गावच्या बैठकीत नकाशा उलगडला जातो तेव्हा बोगदा आहे का एवढेच आपण विचारतो. किती उंच, हे विचारणारा विरळा.

सध्या आमच्या भोवती ज्या योजना आहेत त्या आता जरा नीट समजतात. पुणे ते शिरूर या सुमारे ५३ किलोमीटरवर सहापदरी उन्नत रस्ता करण्याची योजना राज्य पायाभूत सुविधा विकास महामंडळाकडे आहे, आणि तिचा अंदाजित खर्च साडेसात हजार कोटी रुपयांच्या घरात आहे. तळेगाव-चाकण-शिक्रापूर हा तेवढ्याच लांबीचा रस्ता सुधारण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. त्यात तळेगाव ते चाकण उन्नत मार्ग आणि चाकण ते शिक्रापूर जमिनीवरूनच सहा पदर असे आहे. तिसरी योजना पुण्याच्या वर्तुळाकार रस्त्याची. मावळातील उर्से येथे द्रुतगती मार्गापासून निघून एक बाजू पूर्वेने आणि एक पश्चिमेने सातारा रस्त्याला जाऊन भिडते. त्याची रुंदी ११० मीटर.

कोणी म्हणेल, मग तर शिक्रापूरचे सोने झाले. मला तितकेसे वाटत नाही. वर्तुळाकार रस्ता नगर रस्त्याला छेदतो तो हवेली तालुक्यात, आमच्या अलीकडे पुण्याच्या बाजूला. वाघोलीचा भार त्याने उतरेल. पण नगरकडून येणारी वाहने त्याला गाठण्यासाठी आमच्या दारावरूनच पुढे जाणार, नाहीतर आमच्या चौकात चाकणकडे वळणार. उन्नत रस्त्याने परमुलखाची वाहने डोक्यावरून निघून जातील, हे खरेच चांगले आहे. मात्र त्या रस्त्यावर चढण्या-उतरण्याच्या जागा कुठे येतात यावर पुढची सगळी गोष्ट अवलंबून आहे. जिथे उतार येईल तिथे सगळी वाहने एकदम जमिनीवर सांडणार. उतार चौकाच्या तोंडाशी आला, तर आजचा चौक बरा होता म्हणायची वेळ येईल. तात्यांनी टपरीवरून जो प्रश्न आणला तो अभियंत्यांचाही कळीचा प्रश्न आहे हे मला खूप उशिरा कळले.

बाहेरून काढलेला रस्ता बाहेरच राहतो असेही नाही. कात्रज-देहूरोड बाह्यवळण पुण्याला टाळण्यासाठी काढले. वारजे, बाणेर, हिंजवडी यांनी त्याला दोन्ही बाजूंनी मिठी मारली. आज तो शहरातलाच एक रस्ता आहे, आणि नवले पुलाजवळचे अपघात वर्तमानपत्रांत आपण वाचतोच. लंडनभोवतीचे १८८ किलोमीटरचे वर्तुळ, एम-२५, १९८६ साली पुरे झाले आणि काही वर्षांतच त्यावर कोंडी होऊ लागली. रस्ता सोपा झाला, की जे प्रवास लोक आधी करीतच नव्हते तेही करू लागतात, आणि जमिनीचे भाव त्या बाजूने धावतात.

जमिनीचे नाव निघाले म्हणून कायद्याचे दोन शब्द. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना १९५६ च्या कायद्याने पायऱ्या ठरवल्या आहेत. आमच्याकडे लोक 'थ्री-ए लागली', 'थ्री-डी झाली' असे आजार सांगावा तसे सांगतात. थ्री-ए म्हणजे ही जमीन घेण्याचा इरादा आहे असे राजपत्रात जाहीर करणे. त्याचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावा लागतो आणि त्यांतले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. तिथून २१ दिवसांत थ्री-सी खाली हरकत घेता येते. थ्री-डी झाली, की जमीन शासनाकडे गेली, पुढे बोलायचे ते फक्त मोबदल्याचे. एकवीस दिवस म्हणजे किती? वर्तमानपत्र ज्या टपरीवर येते तिथून बातमी वस्तीपर्यंत येऊन, कोणा शिकलेल्याने ती वाचून, तलाठ्याकडे खेटे घालून गटनंबर जुळवेपर्यंत ते सरतातही. राज्याच्या रस्त्यांसाठी १९५५ चा महामार्ग अधिनियम आहे आणि त्याच्या पायऱ्या वेगळ्या.

पाणंदीलाही कायदा आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ सांगते, की दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्याचा हक्क तहसीलदाराकडे मागता येतो. चालू वाट कोणी अडवली, तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. म्हणजे बांधावरच्या बैलगाडीच्या वाटेला शंभर वर्षांहून जुना कायदा राखतो. महामार्गाने तोडलेल्या पाणंदीचे मात्र आराखडा होतानाच बोलावे लागते. कागदावर बोगद्याची जागा बदलायला पेन्सिल लागते, भराव झाल्यावर कोट्यवधी रुपये.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आणि तात्यांनी ग्रामपंचायतीला द्यायचा एक अर्ज लिहायला घेतला. अर्जासोबत नकाशा हवा, म्हणून मी गटनकाशाची झेरॉक्स घेऊन त्यावर रंगीत पेन्सिलींनी वाटा काढल्या: घरून वावरात, वस्तीवरून शाळेत, गुरांची नदीला जाणारी. तात्या बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि मी न दाखवलेल्या एका जागी फुली केली. तिथे रस्त्याखाली जुनी मोरी आहे. कट बंद झाल्यापासून शेळीवाल्या बाया वाकून तिच्यातूनच जातात, हे त्यांना माहीत होते, मला नव्हते. तीच मोरी मोठी केली तर? मी तसे अर्जात लिहिले. आजी कॉटवरून ऐकत होती. ती म्हणाली, "आन् पावसाळ्यात तिच्यातनं पाणी वाहतं, ते कुठनं काढणार? ते बी लिव्ह." अर्जात शेवटी एक ओळ वाढवली: पाण्याची मोरी वेगळी असावी आणि माणसांची वेगळी, माणसांची निदान चार मीटर उंच, कडब्याची गाडी जाईल अशी.